निळा शर्ट, पांढरा लेंगा

अकादमीत तपास शिकवला तो पुस्तकातून. कलमं पाठ, पंचनाम्याचे नमुने पाठ. मला गुण चांगले होते आणि त्याचा थोडा माजही होता. प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षक म्हणून वसईत हजर झाले, तेव्हा मला एका जुन्या हवालदारांबरोबर काम शिकायला दिलं. हुद्द्याने ते माझ्या खाली, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम.

माझा पहिलाच पंचनामा त्यांनी लाल पेनाने रंगवून परत दिला. पापडीला एका वाडीतल्या घरात चोरी झाली होती आणि मी झोकात लिहिलं होतं, ‘चोर मागील दाराने आत आले.’

“तुम्ही बघितलंत त्यांना येताना?” काकांनी विचारलं.

“नाही, पण मागच्या दाराची कडी तुटलीय ना!”

“मग कडी तुटलीय एवढंच लिहा. बघितलेलं वेगळं, वाटलेलं वेगळं. माणूस दोन्ही एकाच आवाजात सांगतो. वेगळं करायचं काम आपलं.”

एवढ्याशा गोष्टीसाठी सगळं पान पुन्हा लिहायचं म्हणून मी दिवसभर धुसफुसत होते. हा धडा मला कळलाय असं मी धरून चालले. कळला नव्हता.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी एव्हरशाईन सिटीतून एक आजी आणि त्यांची सून पोलीस ठाण्यात आल्या. आजींचे यजमान सकाळपासून घरात नव्हते. उभा जन्म खाडीकाठी भातशेती केलेला माणूस, तीन वर्षांपूर्वी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आला होता. अलीकडे विसरायला लागले होते. आजी आंघोळीला गेल्या, सून स्वयंपाकघरात होती, तेवढ्यात दार उघडून ते खाली उतरले. मुलगा मुंबईहून ऑफिस सोडून निघाला होता. काका त्या दिवशी कोर्टात होते, म्हणून हरवल्याची नोंद मीच घेतली.

उंची, बांधा, रंग, डाव्या हाताला जुनी विळ्याची खूण. मग मी विचारलं, “अंगात कपडे काय होते?”

“पांढरा लेंगा नि निळा शर्ट,” आजी लगेच म्हणाल्या. “दुसरं काय घालनार? मीच काढून ठेवते रोज पलंगावर. लग्न झाल्यापासून कोनी दुसऱ्यानं नाय काढले त्यांचे कपडे.”

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला, आणि लिहिलं, ‘अंगात पांढरा लेंगा व निळा शर्ट.’ सगळ्या ठाण्यांना संदेश गेला तो हाच. आजींनी कपडे काढून ठेवताना बघितलं होतं, घालताना नाही. एक साधा प्रश्न होता. मी तो विचारला नाही, कारण मला त्यांची दया आली होती आणि नोंद लवकर उरकून शोधाला निघायची घाई होती.

संध्याकाळी विरारकडून एका पोलीस ठाण्यातून फोन आला. हायवेच्या कडेला पडलेला एक अनोळखी म्हातारा त्यांनी रुग्णालयात पोचवला होता. डोक्याला मार, वय पंचाहत्तरच्या आसपास, अंगात लाल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट.

“आमचे लेंगावाले आहेत,” मी म्हणाले.

“फोटो पाठवू का, मॅडम?”

“नको. लाल टी-शर्टवाले आजोबा आमचे नाहीत.” वर मी हसलेसुद्धा.

पुढचे तीन दिवस आम्ही वणवण केली. त्यांची जुनी शेतं, नातेवाइकांची गावं, नंदाखालपर्यंतच्या बागा. मुलगा सतत बरोबर होता. आजी रोज सकाळी ठाण्यात येऊन बाकावर बसायच्या. मी दिसले की उठायच्या, माझा चेहरा बघून परत बसायच्या.

चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला. कपाट लावताना तिला तो निळा शर्ट आणि लेंगा सापडला होता, घडी न मोडलेला. त्या सकाळी पलंग आवरताना तिनेच सवयीने तो आत ठेवला असणार, तिला आठवतही नव्हतं. “मग बाबा काय घालून गेले, मॅडम?” ती विचारत होती. मी काकांना तो लाल टी-शर्टचा फोन सांगितला. ते ऐकून थेट जीपकडे निघाले.

आम्ही आणि मुलगा रुग्णालयात पोचलो, तेव्हा आजोबांना जाऊन एक दिवस झाला होता. मुलाने चेहरा ओळखला. मग पिशवीतले कपडे दाखवले. “हा टी-शर्ट माझा आहे,” तो म्हणाला. “बाल्कनीत दोरीवर वाळत होता.” आणि तिथेच पायरीवर बसला.

वॉर्डातल्या आयाबाईंना मी बाजूला घेऊन विचारलं. पहिले दोन दिवस ते शुद्धीवर होते. नाव विचारलं, गाव विचारलं, एकच उत्तर. “ही येईल आता. ती सांगेल.” बायकोचं नाव काय, म्हणून त्यांनी खोदून विचारलं, तर लाजून मान फिरवली. त्या वयाची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. तिसऱ्या दिवशी शुद्ध गेली.

आधी कळलं असतं तर वाचले असते का, हे डॉक्टरांना सांगता येईना. पण दोन दिवस त्यांनी वाट बघितली, आणि जिची वाट बघितली ती माझ्या ठाण्यातल्या बाकावर बसून होती. हे मला आजही सहन होत नाही.

दहाव्यानंतर आजींचा जबाब घ्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. आजी शांतपणे सांगत होत्या, मी लिहीत होते. शेवटी त्या म्हणाल्या, “असं पन लिही, बाय. मी कपडे चुकीचे सांगितले म्हनून ते भेटले नाय. माझ्यामुळे झालं.”

माझा पेन थांबला. मी काकांकडे बघितलं.

“जबाब त्यांचा आहे, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “त्या म्हणतील तेच लिहायचं.”

आजी, चूक तुमची नाही, विचारायचं काम माझं होतं. एवढंच बोलायचं होतं. मुलगा समोर, सून दारात, काका बाजूला. मला रडू आलं, पण मी बोलले नाही. विरारकडचा तो फोन मला आला होता हे त्यांना आजही माहीत नाही. आजींनाच माझी दया आली. “रडू नको,” म्हणाल्या. “तू लय फिरलीस आमच्यासाठी.”

मी त्या म्हणाल्या तसं लिहिलं आणि पद्धतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. बरोबर आहे म्हणून त्यांनी मान हलवली. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, फक्त लिहून घेणाऱ्याची असते. ‘माझ्या चुकीच्या सांगण्यामुळे माझे पती वेळेवर सापडले नाहीत’ हे वाक्य त्या कागदावर माझ्या अक्षरात आहे, आणि त्याच्याखाली सही फक्त माझी आहे.