जोह्याला जाणारी पेटी

पेणच्या आमच्या वाचनालयातून जोहे गावी जाणारी पुस्तकांची पेटी गेल्या वर्षी श्रावणात बंद झाली. ती जेमतेम एक वर्ष चालली. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या बातम्या देणं तेव्हा माझं काम होतं. ही बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात आली नाही.

पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. तिच्यात कथा-कादंबऱ्या, थोडी प्रवासवर्णनं आणि ग्रंथपालबाई निवडतील ती जुनी मासिकं असत. महिन्या-दीड महिन्याने ट्रंक परत येई आणि पुस्तकं बदलून पुन्हा जाई. जोह्यात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. त्यांपैकी एकाचा टेम्पो रंग आणि काथ्या न्यायला पेणला येई, तोच ट्रंक नेई-आणी. त्याचं भाडं कारखानदाराने कधी घेतलं नाही.

पेटी सुरू होण्याचं कारण वाचनालयातली अडचण होती. सरकारी अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसऱ्या हप्त्याचा भरवसा नसतो. तो लांबला की आधी मासिकं बंद होतात, मग दोन-तीन वर्तमानपत्रं, आणि ग्रंथपालबाईंचा पगार त्यानंतरही थांबून राहतो. त्या वर्षी एका कंपनीने स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी टेबलं आणि खुर्च्या दिल्या. वरच्या मजल्यावर अभ्यासिका झाली, ती सकाळपासून भरलेली असे. कपाटं भिंतीकडे सरकली, काही जिन्याखाली गेली. अभ्यासिकेतली मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येत, कपाट उघडत नसत. ग्रंथपालबाई हमरापूरहून रोज एसटीने येत. वाटेवरचे कारखाने त्या वर्षानुवर्षं बघत होत्या. जिन्याखाली कुजण्यापेक्षा पुस्तकं तिकडे जाऊ देत, असं त्यांनी कार्यकारिणीला सांगितलं आणि कार्यकारिणीने परवानगी दिली.

कारखान्यात पुस्तक कसं वाचलं जातं, हे मी ट्रंकेबरोबर टेम्पोतून गेलो तेव्हा पाहिलं. लांबलचक शेड, फळ्यांवर मूर्तींच्या रांगा, खाली पाटावर बसलेल्या बाया. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी वेगळे कारागीर करत, बायांकडे पितांबर, शेला आणि काठ. मजुरी नगावर. त्यांच्यामधोमध एक बाई भिंतीला टेकून मोठ्याने वाचत होती. तिच्यापुढे पाट होता, पाटावर मूर्ती होत्या, पण ब्रश नव्हता. तिच्या वाट्याच्या मूर्ती उजव्या-डाव्या बाजूच्या बाया आपल्या मूर्तींबरोबर रंगवत होत्या आणि दिवस संपला की त्या तिच्या नावावर मोजल्या जात होत्या.

तिचं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं. ते वाकडं सांधलं. त्याआधी सोनेरी काठ ओढण्यात तिचा हात धरणारं त्या शेडमध्ये कुणी नव्हतं, असं कारखानदारानेच सांगितलं. आता ब्रश धरला की बोटं थरथरत. घरी बसायची वेळ आली होती. तेवढ्यात पेटी आली. बाया ऐकायला तयार होत्या, वाचायला मोकळे हात फक्त तिचे होते. सातवीपर्यंत शिकलेली, स्पष्ट वाचायची. पेटी होती तोवर तिला कारखान्यात जागा होती.

मी गेलो त्या दिवशी एका कादंबरीतला नवरा बायकोला टाकून मुंबईला निघाला होता.

“जाऊ दे गो मेल्याला,” एक म्हातारी ब्रश न उचलता म्हणाली. “तू पान उलट. परत येतो का ते आधी सांग.”

“असं पुढचं वाचायचं नाय, मावशी.”

“मग मी उद्या येते, तवर आला तर मला बोलव.”

सगळ्या हसल्या. कारखानदार दारातून ओरडला, “वाचा, पण हात चालू द्या! काल गोष्टीतल्या त्या पोरीचं लग्न मोडलं, तर माझे पाच गणपती बिनपितांबराचे राहिले.”

“तुमचे गणपती काय पळून जात नाय, शेठ. तो चाललाय बघा मुंबईला.”

पुस्तकांवर डाग पडत होते. दुपारी चहाच्या वेळी ज्याला त्याला पुस्तक हातात घ्यायचं असे, चित्र बघायचं असे, काल कुठे थांबलो ते बघायचं असे. परत आलेल्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर गुलाबी आणि पिवळे अंगठे उमटलेले असत. ग्रंथपालबाई ते बघत आणि पुस्तकं कपाटात लावत.

आषाढात जिल्ह्याच्या कार्यालयातून तपासणीचं पत्र आलं. बऱ्याच वर्षांनी वाचनालयांचा वर्ग वाढवून देण्याचे प्रस्ताव मागवले होते. वर्ग वाढला तर अनुदान वाढणार होतं. त्यातून मासिकं परत सुरू होणार होती, ग्रंथपालबाईंच्या हाताखाली माणूस मिळणार होता, आणि पेटी हमरापूरला नेण्याचाही विचार होता. त्यासाठी पुस्तकांची जी किमान संख्या लागते ती आमच्याकडे पेटीतली पुस्तकं धरून जेमतेम होती. म्हणून पेटी परत मागवली. ग्रंथपालबाईंनी कारखान्यात फोन केला तेव्हा मी समोर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

“साहेब येणार आहेत तपासायला,” त्या म्हणाल्या. “पुस्तकं सगळी पाठवा. आणि डाग तेवढे दिसायला नकोत हां.”

पलीकडून त्या वाचणाऱ्या बाईचा आवाज आला. “नाय दिसणार, बाई. तुम्ही निर्धास्त राव्हा.”

पुढचं मला नंतर टेम्पोवाल्याने सांगितलं. बायांनी दोन दिवस कामानंतर थांबून पुस्तकं दुरुस्त केली. मूर्तीवर डाग पडला तर तो पुसत नाहीत, पुसला की पसरतो. वरून रंगाचा हात देतात. पुस्तकांनाही त्यांनी तेच केलं. प्रत्येक कव्हरला रंग दिला, लाल, निळा, पोपटी, आणि कडेने सोनेरी काठ. दोन-चार कव्हरांवर कमळं काढली. आतल्या पहिल्या पानांवर रंग देता येत नव्हता, तिथे पांढरा कागद खळीने चिकटवला. ते काम वाचणाऱ्या बाईने केलं, कारण ब्रश तिच्या हातात ठरत नव्हता, पण कागद बसवता येत होता.

पावसाळी हवेत रंग वाळेना. त्यांनी पुस्तकं मूर्तींबरोबर पंख्यापुढे ठेवली. तपासणीच्या सकाळी टेम्पोवाला घाई करू लागला तेव्हा तशीच ट्रंकेत भरली.

तपासणी अधिकारी शांत स्वभावाचे होते. कपाटं बघून झाल्यावर त्यांनी पेटी उघडायला सांगितली. वरचं पुस्तक उचललं तर त्याच्याबरोबर खालची दोन उचलली गेली. ओल्या रंगाने ती एकमेकांना चिकटली होती. त्यांनी हळूच ओढलं, तेव्हा एका कव्हराचा लाल थर दुसऱ्या पुस्तकावर राहिला.

“हे काय आहे?”

“पुस्तकं, साहेब,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “जोह्याला होती. तिथल्या बायांनी नीट करून पाठवलीत.”

त्यांनी एक कमळाचं पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “काम सुंदर आहे. पण ही तुमच्या वाचनालयाची कशावरून?”

कण्यावरच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या रंगाखाली गेल्या होत्या. शिक्का आणि दाखल क्रमांक पहिल्या पानावर असतात, त्यावर पांढरा कागद होता. ग्रंथपालबाईंनी ब्लेडने एक कागद सोडवून बघितला. खळ पक्की होती, खालचं पान निम्म्यात फाटलं.

“राहू द्या, मॅडम,” साहेब म्हणाले. “फाडू नका. नोंदवहीशी पटवता येतील ती मी धरतो.”

एकही पटवता आलं नाही. पेटीतली पुस्तकं संख्येतून वगळली गेली, संख्या किमान आकड्याच्या खाली आली. वर्ग होता तोच राहिला.

त्याच आठवड्यात कार्यकारिणीची सभा झाली. मी सभासद नव्हतो, बातमीसाठी बसलो होतो. अध्यक्ष रागावले होते. “पुस्तक वाचायला द्यायचं असतं. आपण मखर करायला दिलं.”

“डाग नकोत असं मीच सांगितलं होतं,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“तुम्ही रंगवायला सांगितलं होतं का?”

“नाही. पण डाग कसे पुसायचे, हेही नाही सांगितलं.”

“मग तुम्ही ते शिकवायचं, की वाचनालय चालवायचं?”

दुसऱ्या एका सदस्याने बायांकडून नुकसानभरपाई घ्यावी असं सुचवलं. त्याला कुणी दुजोरा दिला नाही. पेटी पुढील निर्णय होईपर्यंत स्थगित ठेवावी, असा ठराव झाला. तो एकमताने झाला, ग्रंथपालबाईंना मत नसतं.

ट्रंकेची वाट बघून कारखान्यातून फोन आला. ग्रंथपालबाईंनी ठराव सांगितला. वाचणाऱ्या बाईने विचारलं, “रंग वाईट झाला का, बाई?” ग्रंथपालबाई म्हणाल्या, “नाही गो. रंग चांगला झाला.”

गणपती जवळ आले होते, कारखान्यात कामाची घाई होती. बायांनी तिला सांभाळून घेतलं. आधी तिने वर्तमानपत्र वाचलं, ते तासाभरात संपे. मग घरची एक पोथी आणली, ती सगळ्यांना पाठ होती. तिने वाचनालयाची सभासद होऊन बघितलं. एका वेळी एक पुस्तक मिळे, ते शेडमध्ये दोन दिवसांत वाचून होई, आणि ते बदलायला पेणला जायचं तर दिवस मोडे. अनंत चतुर्दशीनंतर एका तरुण बाईने मोबाइलवर गोष्टी लावल्या. त्या आपोआप ऐकू येत, पान उलटावं लागत नसे. कुणी मुद्दाम काही केलं नाही. पण वाचून दाखवणारा फोन असला की त्याच्या वाट्याच्या मूर्ती कुणाला रंगवाव्या लागत नाहीत. दिवाळीपर्यंत तिच्या पाटावर मूर्ती ठेवणं थांबलं. कारखानदाराने तिला झाडलोटीचं काम देऊ केलं, असं टेम्पोवाला म्हणाला. तिने ते पंधरा दिवस केलं आणि सोडलं.

वाचनालयात ग्रंथपालबाई त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी अभ्यासिका बंद करण्याआधी एकेक पुस्तक घेऊन बसत. ओल्या फडक्याने कागद भिजवायचा, खळ सुटेपर्यंत थांबायचं, मग टोकाने सोडवायचा. मी जाता-येता बघत असे. शिक्के निघत गेले, क्रमांक निघत गेले. पेटीत पाठवलेल्यांपैकी एकही पुस्तक कमी भरलं नाही. त्यांनी तसा अहवाल कार्यालयाला पाठवला. प्रस्तावांची मुदत संपली आहे, पुढच्या वेळी विचार होईल, असं उत्तर आलं. कार्यकारिणीपुढे पेटीचा विषय त्यांनी पुन्हा मांडला. तो त्या सभेत वेळेअभावी राहिला आणि पुढच्या सभेच्या विषयांत नव्हता.

सोडवलेल्या पुस्तकांचे रंग तसेच ठेवले आहेत. ती खालच्या कपाटात आहेत. अभ्यासिकेतल्या एका मुलीने त्यांतलं निळं पुस्तक घरी नेलं होतं, परत आणून दिलं.

वाचणारी बाई मुलीकडे रोह्याला राहायला गेली, असं टेम्पोवाल्याने सांगितलं. यंदा उन्हाळ्यात नगरपालिकेच्या कामासाठी मी रोह्याला गेलो तेव्हा तिथल्या वाचनालयात चौकशी केली. तिथल्या ग्रंथपालांनी गेल्या वर्षभरातले नवे सभासद बघितले. त्यांत तिचं नाव नव्हतं.