रुकय्या मॅडमनी घेतलेली आमच्या शब्दांची झाडाझडती

रुकय्या मॅडमची आणि माझी ओळख भांडणानं झाली. नांदेडला त्यांच्या समुपदेशन केंद्रात पाय ठेवल्या ठेवल्या मी म्हणाले, "आमची पोर शहाणी हाय. वेड्यांच्या रांगेत काहून बसवली?" मॅडम म्हणाल्या, "या रांगेत मीही बसून गेले हाय, आजी. सरका जरा." आणि माझ्याच शेजारी बसल्या.

आता त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात मीही लिहावं असं तो काढणाऱ्या समितीचं म्हणणं. मी चौथीपर्यंत शिकलेली. मॅडमच्या पदव्या दुसरे लिहितील, मी घडलं तेवढं लिहिते. मन थाऱ्यावर नाही, त्याचं कारण शेवटी येईल.

आमचं गाव भोकरजवळ. नात प्रतीक्षा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, म्हणून तिला लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला घातलं. सहा महिन्यांत तिच्या छातीत धडधडायला लागलं आणि तिला घरी आणावं लागलं. हात गार पडायचे, दम कोंडायचा, "आज्जी, मी मरून राहिले" म्हणून ओरडायची. भोकरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. हृदय ठणठणीत. त्यांनीच आम्हाला मॅडमकडे पाठवलं.

मॅडमची एक रीत आहे. आजाराचं नाव त्या आधी सांगत नाहीत. घरचे त्याला काय म्हणतात ते विचारतात आणि ज्याचा त्याचा शब्द वहीत लिहून घेतात. माझा लेक म्हणाला, "नाटकं हायती." सून म्हणाली, "बाहेरचं हाय." मी म्हणाले, "नजर. तीनदा मीठ-मिरच्या ओवाळल्या." मॅडम हसल्या नाहीत. लेकाला म्हणाल्या, "दादा, नाटक करून हात गार पाडता येतात? पाडून दाखवा बरं."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. याला पॅनिक अटॅक म्हणतात. समोर वाघ नसताना अंग वाघ आल्यासारखं घाबरतं. त्यानं पोर मरत नाही, पण तिला वाटणारी भीती सोळा आणे खरी असते. चार दिवसांची उदासी वेगळी आणि नैराश्य वेगळं. नैराश्य आठवडेच्या आठवडे जेवू देत नाही, उठू देत नाही, आणि आपण त्या पोराला आळशी म्हणून मोकळे होतो. हे ऐकताना मला आमच्या गल्लीतली दोन पोरं आठवली. त्यांना मी स्वतः आळशी म्हटलेलं आहे.

नंतर मॅडम प्रतीक्षाशी एकटीशी बोलल्या. मी बाहेर बसून दाताला मिसरी लावत होते. मॅडम बाहेर आल्या.

"आजी, दिवसातून किती वेळा?"

"चार-पाचदा. दात घासायला."

"न्हाई लावली तर?"

"डोकं उठतं. माणूस समोर नको वाटतं."

"याला घरी काय म्हणता?"

"सवय."

"अन् दारूवाल्याच्याला?"

"व्यसन."

तेवढ्यात प्रतीक्षा दारात येऊन उभी राहिली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पोर आपणहून म्हणाली, "आज्जी, तू दिलेली डबी संपली. मी दुसरी घेतली. आता तिसरी चालू हाय."

ती डबी मीच दिली होती. हॉस्टेलवर दाढ दुखते म्हणाली, तर लाडवांच्या डब्यात घालून पाठवली. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण आमच्याकडच्या बायकांनी त्याला कधी तंबाखू म्हटलं नाही. मॅडम मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भीतीचा आजार डबीनं आणला असं न्हाई. पण डबी त्याला शांत बसू देत न्हाई. दोघी मिळून सोडता का?"

दोघींनी सोडली. मला वाटलं, माझं काय, मी खमकी. सतराव्या दिवसानंतर गोठ्यात लपून लावली आणि पोरीनं वासावरून पकडलं. "लई खोटारडी हायस तू, आज्जी!" पुढच्याच आठवड्यात तीही घसरली. मी मॅडमकडे तोंड लपवत गेले. त्या म्हणाल्या, "सतरा दिवस जमलं ना? म्हणजे सतरा येतात तुम्हाला. आता अठरावा शिकू." मला आयुष्यात कुणी असं शिकवलं असतं, तर मी चौथीत शाळा सोडली नसती.

मॅडमचा आणखी एक गुण. प्रतीक्षा आत काय बोलली ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. मी खोदून विचारलं, चहा पाजून विचारलं, रुसूनही पाहिलं. "ते तिचं हाय, आजी," एवढंच उत्तर.

आता माझ्या जिवाला घोर लागण्याचं कारण. अकरावीची परीक्षा यंदा हुकली आणि सोमवारी पोर पुन्हा लातूरला चालली आहे. तिचा बाप नको म्हणतो. मीही नको म्हणाले. मॅडमनी तिलाच विचारलं, तर ती म्हणाली, "भीती वाटते, पण जाते." मॅडम म्हणाल्या, "मग जा." झालं. माझं कोण ऐकतं?

काल पोरीनं मला तोंडावर सांगितलं, "आज्जी, धडधडलं तर आधी मॅडमला फोन करीन, मग तुला. तू आधी रडतीस." मला राग आला. मग वाटलं, बरोबर आहे तिचं.

म्हणून मॅडम, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे, डोळे, कान शाबूत राहोत. कान तर राहायलाच हवेत. सोमवारपासून माझी नात तुमच्या भरवशावर आहे.