कणगीतला मुक्काम, तीन स्टार

१२ ऑगस्ट २०२३ रोजी क्लॅरी फिट्झनरने माझ्या टेबलावर बुटांचं एक खोकं आणून ठेवलं. त्यातल्या पावत्यांची बेरीज ३८,४६० डॉलर ५० सेंट झाली. एवढा पैसा घालून त्याने गव्हाची एक जुनी कणगी माणसांना झोपण्याजोगी केली होती. कणगी म्हणजे दोन मजली घराएवढी उंच, गोल, नालीदार पत्र्याची. त्याच्या वडिलांच्या वेळी तिच्यात साठ टन गहू राहायचा आणि उंदीर फुकट राहायचे. आता तिच्यात पलंग, शेगडी, न्हाणी आणि छपराला काचेचा झरोका होता, आणि एका रात्रीचं भाडं होतं २१० डॉलर.

हे वेड ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कूरापिन गावात आणलं टॅमसिनने. टॅमसिन ही कौन्सिलची पर्यटन अधिकारी, वय एकतीस, मूळची मेलबर्नची. गावात एकही धड हॉटेल नाही ही उणीव नसून संधी आहे, असं तिने सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून लोकांना पटवलं. वर्षभरात जुन्या पोलीस कोठडीला पडदे लागले. क्लॅरीच्या काकांना दर शनिवारी दारू पिऊन तिथे फुकट झोपायला मिळायचं, तिथले आता १८० डॉलर पडतात. मालगाडीच्या गार्डाचा डबा झाला, पाण्याची टाकी झाली. शहरातली माणसं चार तास गाडी हाकून येतात, गावाजवळचं टिर्राचं गुलाबी मिठाचं तळं बघतात, त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि मग अशा जागेत झोपतात, जिथे झोपायची पाळी येऊ नये म्हणून आमच्या आधीच्या दोन पिढ्या राबल्या.

मी या गावात सत्तावीस वर्षं शेतकऱ्यांचे हिशेब बघतो. आडनाव कर्णिक, इथे पहिल्याच आठवड्यात त्याचं 'कार्नी' झालं आणि तेच राहिलं. त्यामुळे कौन्सिलचा करार मीच वाचला. अर्धा खर्च कौन्सिल देणार. अट एकच: ३० जून २०२४ रोजी बुकिंगच्या संकेतस्थळावरचं रेटिंग साडेचार किंवा त्याहून जास्त हवं. नसेल तर १९,२३० डॉलर २५ सेंट परत.

फिट्झनरांकडे एवढी रोकड नव्हती. शेती त्यांनी आधीच शेजारच्या गॅव्हन टीगला विकली होती आणि तो पैसा जुन्या कर्जात गेला होता. उरलं होतं राहतं घर, भोवतीची चाळीस एकर आणि ही कणगी. कौन्सिलचे पैसे परत करायचे तर घर विकायचं, आणि घर विकलं की ॲडलेडला मुलीजवळच्या दोन खोल्या. क्लॅरीची बायको उना एकोणसत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले, डॉक्टर चौऱ्याण्णव किलोमीटरवर; तिला ॲडलेडच बरं वाटत होतं. तिने माझ्यासमोरच त्याला सांगितलं, "मी भांडणार नाही. तू कणगी चालव, मी गुडघे चालवते. तीस जूनला बघू."

क्लॅरी एकाहत्तर वर्षांत त्या घराबाहेर नऊ रात्री झोपला होता, त्यांतल्या सहा इस्पितळात. ॲडलेडला सकाळी उठून बघायचं कशाकडे, एवढंच त्याने मला विचारलं. 

आता क्लॅरीबद्दल थोडं. आमच्या कृषी प्रदर्शनात तो बावीस वर्षं गव्हाच्या पेंढ्यांचा परीक्षक होता. बावीस वर्षांत त्याने पहिलं बक्षीस चार वेळा दिलं. बाकी अठरा वर्षं दुसऱ्यापासून सुरुवात. एका वर्षी पेंढी त्याच्या सख्ख्या भावाची होती, तिला तिसरं दिलं आणि भावाने त्याबद्दल त्याला बिअर पाजली, कारण चौथ्याची अपेक्षा होती. लग्नाच्या जेवणात नवऱ्याने दोन शब्द बोलायचे असतात. क्लॅरी उठला, उनाकडे बघितलं, "हिचं माझं जमेल असं वाटतं," म्हणाला आणि बसला. लोक अजून सांगतात की क्लॅरी त्या दिवशी फारच वाहवत गेला होता.

हा एकट्या क्लॅरीचा स्वभाव नव्हे. कूरापिनमध्ये कुणी एखाद्या वस्तूची स्तुती केली की ऐकणारा समजतो, हा ती विकायला निघालाय. 'वाईट नाही' याच्यावर आमच्याकडे शब्द नाही. पावसाने पीक दुप्पट आलं तरी ते वाईट नाही, आणि उनाचा फळांचा केक, ज्याच्या तोडीचा मी देवाशप्पथ जगात कुठेही खाल्लेला नाही, तो 'खाण्यासारखा' असतो.

सप्टेंबरात पहिलं जोडपं आलं. जाताना पाच स्टार देऊन गेलं आणि लिहिलं की कणगीत त्यांना स्वतःचा शोध लागला. क्लॅरी ते छापून घेऊन माझ्याकडे आला.

"कार्नी, ही माणसं पिऊन होती का?"

मी म्हटलं, शहरात असंच लिहितात.

"दोघंही हरवली होती तर आधी सांगायचं," तो म्हणाला. "मी कंदील घेऊन गेलो असतो."

मेपर्यंत एकंदर नऊ पाहुणे झाले. सहा जणांनी पाच, दोघांनी चार आणि एका गृहस्थाने दोन दिले. या गृहस्थाची तक्रार अशी की, रात्री इतकी शांतता होती की झोप लागली नाही आणि याची पूर्वसूचना द्यायला हवी होती. बेरीज चाळीस, भागिले नऊ, म्हणजे चार पूर्णांक चव्वेचाळीस. अट साडेचारची. थंडी सुरू झाली होती, तळं भांडी धुतलेल्या पाण्याच्या रंगाचं झालं होतं आणि नवीन बुकिंग एकही नव्हतं.

मी कागदावर मांडून क्लॅरीला दाखवलं: आणखी बारा जण येऊन पाच-पाच देऊन गेले तर चार पूर्णांक शहात्तर. तो कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि कुणाला दाखवला नाही. पण बोलिंग क्लबात, जिथे सारं गाव संध्याकाळी बिअर प्यायला जमतं, मी सहज बोलून गेलो की क्लॅरीला पाहुणे कमी पडताहेत, अभिप्राय हवे आहेत. पाच द्या असं कुणाला सांगायचं हे मला असभ्य वाटलं. सत्तावीस वर्षांत माणूस बिघडतो.

गावाने दुसऱ्याच दिवशी वहीत पाळ्या लावल्या. आग विझवायला, शाळेचं छप्पर घालायला, विधवेचं पीक काढायला आमच्याकडे अशाच पाळ्या लागतात. ८ ते १९ जून, रोज एक घर. स्वतःचा पलंग दोन किलोमीटरवर असताना माणसं पूर्ण २१० डॉलर भरून पत्र्याच्या डब्यात झोपायला गेली. बाहेर दव गोठत होतं. कुणी सवलत मागितली नाही. प्रत्येक जण झोपायला जाताना क्लॅरी-उनासाठी काहीतरी घेऊन गेला: जॅम, चिरलेली लाकडं, कापलेल्या मेंढीचा पाव हिस्सा. उनाचा भाऊ मरे याने सकाळी उठून दाराची कुरकुरणारी बिजागरी बदलली. दुसऱ्या एकाने पन्हळ साफ केली. शेवटच्या पाळीत मीही झोपलो. जागा खरंच सुंदर होती. झरोक्यातून इतक्या चांदण्या दिसत होत्या की चष्मा काढवेना.

मग सगळ्यांनी प्रामाणिकपणे अभिप्राय लिहिले.

"झोप लागली." तीन स्टार. "उंदीर दिसला नाही." तीन स्टार. "क्लॅरीने बांधलंय म्हणजे पडणार नाही." तीन. मरेने दोन दिले आणि खाली कारण लिहिलं: नात्यातला असल्यामुळे एक कमी केला आहे. चार देणारा एकच निघाला, गॅव्हन टीग, आणि क्लबात लगेच कुजबुज झाली की गॅव्हनचा त्या चाळीस एकरांवर डोळा आहे. मी स्वतः आधी चारवर बोट ठेवलं. मग उद्या क्लॅरी हे वाचेल, त्याला ओशाळवाणं होईल, असं वाटून तीन केले. बी. कॉम.ला मला सांख्यिकीत त्र्याऐंशी गुण होते.

चाळीस अधिक छत्तीस, शहात्तर, भागिले एकवीस. तीन पूर्णांक बासष्ट.

क्लॅरी मात्र खूश होता. गावाने आपल्याला तीन दिले, हे तो तीन दिवस कुणाला न सांगता मिरवत होता. म्हणजे टोपी थोडी मागे सरकवून चालत होता.

२४ जूनला टॅमसिन मला घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात गेली. उना शेगडीपाशी उभी होती. टॅमसिनचा चेहरा पडला होता. तिच्या अहवालात हे प्रकरण यशोगाथा म्हणून जायचं होतं.

"क्लॅरी, यांना झालंय तरी काय?" तिने विचारलं. "तुमचं कुणाशी भांडण आहे का?"

"भांडण? तीन दिलेत त्यांनी."

"तीन म्हणजे नापास."

"कुणी ठरवलं?"

"सगळेच तसं समजतात. पाच म्हणजे ठीक. चार म्हणजे काहीतरी बिघडलंय."

क्लॅरीने जरा विचार केला. "मग एखादी गोष्ट खरंच चांगली असली तर माणसाने काय द्यायचं?"

 टॅमसिनकडे उपाय होता. दिलेले स्टार चौदा दिवसांत बदलता येतात. मरे आणि गॅव्हनच्या पाळ्या पहिल्या, त्यांची मुदत उलटली होती; मी धरून बाकीच्या दहांची होती. मी तिथल्या तिथे मोजलं: मुदत असलेल्या दहांनी तिनाचे पाच केले तर शहात्तर अधिक वीस, शहाण्णव, भागिले एकवीस, चार पूर्णांक सत्तावन्न. घर वाचत होतं. क्लॅरीने फक्त जाऊन सांगायचं होतं. टॅमसिनने सांगून चालणार नव्हतं, तसा नियम होता.  उनाने त्याचा बाहेर जायचा स्वेटर आणून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

संध्याकाळी पाचला क्लॅरी आणि मी क्लबात गेलो. सगळे तिथेच होते. क्लॅरीने आत शिरताच सगळ्यांना बिअर सांगितली, आणि तो असं आपणहून कधी करत नाही, त्यामुळे सगळ्यांना कळलं की काहीतरी आहे. टॅमसिनची गाडी दुपारी त्याच्या दारात उभी होती हेही सगळ्यांना माहीत होतं.  दहा माणसं ग्लास हातात धरून त्याच्याकडे बघू लागली.

"पाऊस पडायला हवा," क्लॅरी म्हणाला.

हवा, सगळे म्हणाले.

पावसावर वीस मिनिटं गेली. मग मेंढ्यांचे भाव. मग मरेने घसा साफ केला. "क्लॅरी, ते आमचं लिहिलेलं... बरं होतं ना?"

"वाईट नव्हतं," क्लॅरी म्हणाला.

त्याने एक शब्द काढला असता तर माझ्यासकट दहाही जणांनी तिथल्या तिथे फोन काढले असते. त्यांच्यातल्या एकाने 'काय हवंय ते बोल ना लेका' असं विचारलं असतं, तरी कदाचित भागलं असतं. पण न विचारता दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं आमच्याकडे बसत नाही, आणि आपली तारीफ करा म्हणून सांगणं तर त्याहून बसत नाही. मी बोलू शकत होतो. माझ्या खिशात आकडे होते. मी ग्लासातला फेस बघत बसलो. साडेसहाला क्लॅरी उठला, "बरं," म्हणाला, आणि आम्ही निघालो.

उना दारातच उभी होती. तिने त्याला विचारलंच नाही, मला विचारलं.

"बोलला का हा?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पावसाबद्दल बोलला असेल," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "अरे, पंचेचाळीस वर्षं झाली क्लॅरी, एकदा तरी काहीतरी मागायचं होतंस. मी हो म्हणायलाच बसले होते."

तो बूट काढत राहिला.

४ जुलैला कौन्सिलचं पत्र आलं. सप्टेंबरात घर, चाळीस एकर आणि कणगी गॅव्हन टीगने घेतली. भाव योग्य दिला, त्याबद्दल कुणाला बोलता येणार नाही. कणगी त्याने नव्या नावाने परत संकेतस्थळावर घातली आणि पलंगाशेजारी पाटी लावली: आवडलं असेल तर पाच द्या. लोक देतात. आज तिचं रेटिंग चार पूर्णांक नऊ आहे. बिजागरी मरेचीच आहे. कूरापिनमध्ये गॅव्हनशी आता फारसं कुणी बोलत नाही, आणि शनिवार-रविवारची भरलेली बुकिंगं बघता त्याला बोलायला वेळही नसावा. टॅमसिनला बढती मिळाली.

घर सोडताना अंगणात सामानाची लिलाव-विक्री झाली. अवजारं, पिंपं, तारेची बंडलं ओळीने मांडली होती आणि झाडून सारं गाव आलं होतं. ज्यांना काही नको होतं त्यांनीही काहीतरी घेतलं. मरेने तीन मोडकी फावडी चांगल्या भावाने घेतली. दुपारी क्लबाच्या अध्यक्षाने दोन शब्द बोलायचे म्हणून टोपी काढली आणि क्लॅरी हा काही वाईट शेजारी नव्हता, असं सांगितलं. बायका डोळे टिपायला लागल्या. क्लॅरीला ते जरा जास्तच वाटलं असावं, तो शेडमागे गेला.

मी त्याचा गोण्या तोलायचा काटा घेतला, पासष्ट डॉलरला. खिशात पन्नासच होते. राहू दे, नंतर दे, असं तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ॲडलेडला गेली. क्लॅरीचे माझ्याकडून पंधरा डॉलर अजून यायचे आहेत.