धरणाचा लाल नकाशा

त्या दिवशी मी घरून काम करत होते. महाप्याच्या ऑफिसात आमची टीम कॉम्प्युटरवर एक मॉडेल बनवते. गोड्या पाण्याच्या साठ्यात किरणोत्सर्गी पदार्थ पडलाच, तर पाण्यात किती राहील, गाळात किती बसेल, माशांत किती जाईल, आणि सफाईचा कुठला उपाय लागू पडेल, याचा हिशोब. चाचणीसाठी आम्ही एका खऱ्या धरणाचा आकार घेतला होता, कारण त्याची खोली ठाऊक होती. आमच्याच भागाला पाणी देणारं धरण.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी माझं पार्सल द्यायला आल्या. लॅपटॉपवर धरणात लाल डाग पसरत होते.

"हे आपलं धरण ना?"

"हो, पण हे खरं नाही हं, नुसता हिशोब..." एवढ्यात दूध उतू गेलं आणि मी आत पळाले.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या स्क्रीनचा फोटो आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पाणी पिऊ नका.' नवऱ्याने सांगितलं, फोटो पार तिकडे उलव्यात राहणाऱ्या त्याच्या मित्रालाही आलाय.

सेक्रेटरींनी खाली बोलावलं. सोसायटीच्या ऑफिसात उभं राहायला जागा नव्हती.

"मॅडम, खरं काय ते सांगा. टँकर मागवू का?"

"नको. काहीही झालेलं नाही. कधी झालंच तर काय करायचं, ते आधीच शोधतोय आम्ही."

"पण झालंच, तर साफ होतं ना पाणी?" एका आजोबांनी विचारलं.

नुसतं 'हो' म्हणून सुटता आलं असतं. "पाणी त्यामानाने लवकर निवळतं," मी म्हणाले. "गाळात बसलेलं मात्र वर्षानुवर्षं राहू शकतं. तिथून थोडं थोडं परत पाण्यात येतं."

वहिनी दाराशी उभ्या होत्या, डोळे लाल. "मी फोटो फक्त बहिणीला पाठवला हो. तिचं बाळ लहान आहे." त्यांना चांगलं सुनावायचं ठरवून गेले होते. जमलं नाही.

मी ग्रुपवर सगळं साध्या शब्दांत लिहिलं. तरी काही दिवस लिफ्टमधून पाण्याचे जार वर जात राहिले. मग ग्रुप पुन्हा पार्किंगवरून भांडू लागला. ऑफिसात आम्ही त्या धरणाचा आकार वगळून काल्पनिक तलाव घेतला.

त्याच आठवड्यात मुलीने फिल्टरखाली ग्लास भरला आणि मी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

"काय झालं, आई?"

काही झालं नव्हतं. हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी ग्लास तिला परत दिला, आणि तिचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिले.