गुळगुळीत अंगाचे साक्षीदार

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर आहेत. जमिनीखाली फुटलेला नळ जमिनीवरून ओळखायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी खात्याने त्यांना एक पहार, खडूची पेटी आणि एक सायकल दिली आहे. बाकीची मदत त्यांनी स्वतः जमवली, आणि ती म्हणजे बेडूक. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे बेडूकराव म्हणतात. ताई तोंडावर म्हणते.

भाऊजींचा हिशेब सरळ आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. अंग सुकलं की त्याचा कारभार आटोपला. पाऊस असताना तो वाटेल तिथे हिंडेल, पण भर उन्हाळ्यात ओल सोडून जाणार नाही. आणि ज्या गल्लीत ना विहीर, ना तळं, तिथे उन्हाळ्यात बेडूक निघाला तर ओल आली कुठून? भाऊजी खडूने फुली मारतात, माणसं खणतात, आणि दहातल्या आठ वेळा फुटका नळ सापडतो.

त्यांच्याकडे एक वही आहे. तीत कोणत्या भागात कुठला बेडूक राहतो ते लिहिलेलं आहे. टेकडीवरच्या वस्तीत वारा फार आणि जमीन मुरमाड, म्हणून तिथे फक्त खरबरीत अंगाचे. हे विटांच्या ढिगाखाली कोरड्यातही दिवस काढतात, म्हणून भाऊजी त्यांची साक्ष धरत नाहीत. खाली, जुनं तळं बुजवून घरं बांधली तिथे, गुळगुळीत अंगाचे. हे खरे साक्षीदार. झाडावर चढणारे तेवढे दोनच, तेही रोपवाटिकेत, कारण तिथे दिवसातून दोनदा फवारा असतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने आपला पत्ता सांगितला की भाऊजी त्याला त्याच्या गल्लीतला बेडूक सांगतात. ताई तिथेच त्यांना मूर्ख म्हणते, आणि आता तिने त्यांच्याशेजारी बसणंही सोडलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात खात्यात नवे साहेब आले. तरुण, हुशार, आणि सोबत गळती ऐकायचं यंत्र. कानाला लावायचं, जमिनीवर टेकवायचं, की खालचं पाणी ऐकू येतं म्हणे. तेव्हा टेकडीवरच्या वस्तीचं पाणी आठ दिवस बंद होतं. टाकीतून पाणी सुटायचं पण वर पोचायचं नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी मुरत होतं. ती वाट आमच्या गल्लीखालून आणि घरांखालून जाते. यंत्राने पहिल्याच दिवशी माझ्या घरासमोर मोठी गळती ऐकली. साहेबांनी स्वतः उभं राहून खड्डा खणवला. आत काहीच नव्हतं. मग दुपारी मी जेवायला उठले आणि गळती थांबली. मी शिवणकाम करते. साहेबांनी माझं शिलाई मशीन ऐकलं होतं.

साहेबांचा चेहरा पडला, आणि चेहरा पडलेला साहेब फार वाईट. त्यांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, "तुमचे ते बेडूक म्हणतात तिथे एक खड्डा घ्या. एकच. तो फुकट गेला तर सोमवारपासून तुम्ही अर्जाच्या खिडकीत."

अर्जाची खिडकी म्हणजे दोन बाय दोनचं भोक आणि मागे एक खुर्ची. नऊ ते सहा बसून लोकांचे कागद घ्यायचे. ज्या माणसाने तीस वर्षं गल्ल्या तुडवल्या, त्याला तिथे बसवणं म्हणजे कोंडून घालणं. निवृत्तीला तीन वर्षं होती. भाऊजी एरवी सगळ्याची थट्टा करतात, त्या दिवशी मात्र आमच्याकडे आले आणि नुसतं पाणी पिऊन गेले.

आता माझा भाग. तो सांगायला लाज वाटते, तरी सांगते.

माझं घर झालं तेव्हा जमिनीवर नुसता सिमेंटचा कोबा होता, आणि चौदा वर्षं मी त्याच्यावर संसार केला. टाचा फाटल्या, कोबा फाटला, पण फरशीचं काही जमत नव्हतं. शेवटी त्याच वर्षी स्वयंपाकघरात फरशी बसली. पांढरी, कडेला बारीक निळी वेल. मी रोज दोनदा पुसायची आणि कोणी चपला घालून आलं की असं बघायची की तो आपोआप मागे सरायचा. भर उन्हाळ्यात ती पायाला गार लागायची. आलेल्या प्रत्येकाला मी ऐकवायची, "चांगल्या मालाची गोष्टच वेगळी." आमचे हे कामानिमित्त बाहेरगावी असतात, त्यांनाही फोनवर ऐकवलं.

मग वरच्या वस्तीचं पाणी बंद झालं त्याच आठवड्यात मोरीत बेडूक निघाला. दुसऱ्या दिवशी ओट्याखाली दोन. गुळगुळीत अंगाचे.

भाऊजींची मेहुणी असून मला कळलं नाही असं म्हणणं म्हणजे शुद्ध खोटं. मला त्याच क्षणी कळलं. फरशी गार का आहे तेही कळलं. आणि पुढचं दिसतच होतं: खडूची फुली, पहार, आणि माझ्या निळ्या वेलीचा चुरा. मी झाकणाची बादली घेतली, बेडूक त्यात घातले आणि मागच्या भिंतीवरून हेडमास्तरांच्या बागेत सोडून दिले. आठवडाभर रोज सकाळी माझा हाच उद्योग. एकूण सात झाले.

हेडमास्तर निवृत्त गृहस्थ. त्यांना आपल्या गुलाबांइतकं प्रेम फक्त तक्रारीवर. बागेत एवढे बेडूक दिसताच ते भाऊजींकडे धावले. "गळती माझ्याकडेच आहे, मी लेखी देतो!" शुक्रवारी भाऊजी आले, फुली मारली, साहेब खुर्ची टाकून बसले. मी भिंतीआडून बघत होते. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता, तो मी जाऊ दिला. मनाशी म्हटलं, कुणी सांगावं, खरंच तिथेही नळ फुटला असेल.

खड्डा कमरेएवढा झाला, मग छातीएवढा. तीन गुलाब उपटले गेले. खाली नळ दिसला, धडधाकट आणि कोरडा ठणठणीत. हेडमास्तर गुलाब हातात धरून उभे होते. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सोमवारी नऊ वाजता." माणसं हसली. भाऊजी खड्ड्याच्या काठावर बसून बराच वेळ बेडकांकडे बघत राहिले, मग सायकल घेऊन गेले.

रविवारी ताई आली. म्हणाली, "ह्यांनी पहारीला तेल लावून माळ्यावर ठेवली गं. आणि जवळचं वाचायचा चष्मा करून आणलाय. आरशासमोर बसून लावून बघत होते." एवढं बोलून ती माझ्या फरशीवर बसली आणि म्हणाली, "काय गार आहे गं तुझी फरशी."

त्या संध्याकाळी मी फरशी पुसली नाही. वरच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन आमच्याच गल्लीतून उतरत होत्या, त्यांच्याकडे बघायची सोय उरली नव्हती.

सोमवारी सव्वानऊला मी खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे चौघं होते. आत भाऊजी, नाकावर नवा चष्मा. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, "विषय?"

"बेडूक," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. मग कोरा अर्ज पुढे सरकवला. "कारण स्पष्ट अक्षरात लिहा."

मी लिहिलं, 'माझ्या स्वयंपाकघरात बेडूक निघतात. शेजारच्या बागेतले बेडूक तिथले नव्हते. ते मी बादलीतून नेऊन टाकले. खड्डा चुकला तो माझ्यामुळे. फरशी फोडायला माझी हरकत नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. भाऊजींनी अर्ज वाचला, तारखेचा शिक्का मारला, आणि उठून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं मशीन काय, तुमची बादली काय. खात्याशी तुमचं वैर तरी काय आहे?"

दुपारी सगळी वरात माझ्या स्वयंपाकघरात. ताई मला धरून उभी होती. साहेब यंत्र लावायला वाकले, तोवर भाऊजी सरळ मोरीकडे गेले, डावीकडची तिसरी फरशी बघितली, आणि तिच्यावर फुली मारली. ती फरशी त्यांनी इतकी हळू उचलली की कडासुद्धा फुटल्या नाहीत. मग शेजारच्या तीन. खालची माती काळी, चिखल झालेली. हातभर खणल्यावर पाण्याची चिळकांडी उडाली ती साहेबांच्या शर्टावर. वर आणखी दोन बेडूक निघाले, ते भाऊजींनी हातात घेऊन मागच्या दारी सावलीत सोडले. जोड बदलला, आणि संध्याकाळी वरच्या वस्तीला पाणी गेलं. साहेब जाताना म्हणाले, "बेडूकराव, उद्यापासून तुम्ही बाहेर." तोंडावर बेडूकराव म्हणणारे ते ताईनंतरचे पहिलेच.

साहेब आणि माणसं गेल्यावर मी भाऊजींना विचारलं, "तिसरी फरशी कशी कळली? अर्जात तर मी लिहिलं नव्हतं."

"हेडमास्तरांच्या बागेत सातही बेडूक भिंतीला नाक लावून बसले होते," ते हात धूत म्हणाले. "तुझ्या भिंतीला. मोरीच्या नेमके समोर. बेडूक राहायला आला की आडोसा धरतो, भिंतीला नाक लावत नाही. त्यांना घरी जायचं होतं."

"म्हणजे तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"फरशी तुझी. चौदा वर्षांनी बसलेली. म्हटलं, तीच सांगेल. मंगळवारपर्यंत थांबणार होतो, मग मीच आलो असतो पहार घेऊन." ते जरा थांबले. "पण रांगेत तू दिसलीस ना, तेव्हा चष्मा काढून पुसावा लागला."

मला रडू आवरेना आणि राग त्याहून आवरेना. तीन दिवस हा माणूस सगळ्या खात्यात हसं करून घेत माझी वाट बघत बसला होता. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर मूर्ख म्हटलं.

भाऊजी ताईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? तुझ्या माहेरचं एकमत झालं."