‘उतरला’ या क्रियापदाविषयी

मराठीत गाडी येते, ट्रक येतो आणि वाहन येतं. देवरूखच्या कॉलेजात मी नोकरीभर मुलांना हे शिकवलं. परभाषेतला शब्द आपल्याकडे आला की त्याला आपण कुठलं तरी लिंग देतो, आणि ते का दिलं हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. टेबल नपुंसकलिंगी का आणि फोन पुल्लिंगी का, असं एखादा विद्यार्थी विचारायचा. मी म्हणायचो, कानाला तसं वाटतं म्हणून. या उत्तरावर वर्ग हसायचा आणि मलाही ते पुरेसं वाटायचं.

निवृत्तीनंतर मी रत्नागिरीत राहतो. शब्द कुठून आले हे धुंडाळणं हा माझा एक छंद, आणि आकाश हा दुसरा. माझा मोठा भाऊ पावसजवळ आमच्या बागेतल्या घरात राहायचा. तो मला म्हणायचा, "तुझा एक पाय शब्दकोशात आणि एक आभाळात. जमिनीवर तुझं काय आहे रे?" जमीन तो सांभाळत होता. कलमं, फवारणी, पेट्या, गडी, सगळं त्याच्याकडे. मी मे महिन्यात जाऊन आंबे खायचो आणि हापूस हा शब्द पोर्तुगीजांकडून कसा आला ते त्याला दरवर्षी नव्याने सांगायचो. तो दरवर्षी ऐकून घ्यायचा.

तो श्रावणात गेला. सकाळी चहा घेऊन पडवीत बसला होता, तिथेच गेला.

त्याला एकच मुलगा. तो बोटीवर असतो. आमच्याकडे जहाजावर नोकरी करणाऱ्या कुणाबद्दलही असंच म्हणतात, बोट कितीही मोठी असली तरी. वडील गेल्याचं त्याला कळवलं तेव्हा त्याचं जहाज सिंगापूरच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं. बंदरात जागा मिळेपर्यंत तिथेच थांबायचं होतं. त्याला मधूनच उतरवून घ्यायचं तर एजंटचे कागद, परवानगी, न्यायला लहान होडी, सगळं जमून यायला हवं होतं. अग्नी द्यायला तो पोचणं शक्यच नव्हतं. अग्नी मी दिला. पण दहाव्याला पिंड मुलाच्या हातून पडावेत ही वहिनींची इच्छा होती. भटजींनी चालेल म्हटलं. वहिनींनी त्या सगळ्या दिवसांत दुसरं काही मागितलं नाही, की बोलूनही दाखवलं नाही.

माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप होतं. त्यात जगातली जहाजं समुद्रावर बाणासारखी दिसतात. पुतण्याच्या जहाजाचं नाव घातलं की त्याचा बाण सापडायचा. दादा होता तेव्हा मीच हौसेने ते घेतलं होतं. आता घरातलं ते सगळ्यात महत्त्वाचं यंत्र झालं. मी बाण दाखवला की वहिनी पदराने चष्मा पुसून बघायच्या. आत्या, म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण, संगमेश्वराहून येऊन राहिली होती. तीही मान लांब करायची.

"हलत का नाही रे हा बाण? चिखलात रुतली का बोट?"

"नांगरावर आहे, आत्या."

"एवढं लांबचं दिसतं, तर माझी कवळी कुठे ठेवल्ये ते बघ जरा त्याच्यात. सकाळपासून शोधत्ये."

अशा घरातही हसू येतं. वहिनीसुद्धा हसल्या. त्या हसल्याने मला हुरूप आला आणि मी सांगायला लागलो, की शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. शेतातला संस्कृत लांगलापासून आला, जहाजाचा फारसी लंगरापासून. एक जमिनीवरून आला, एक समुद्रावरून, आणि मराठीत येऊन दोघांचं रूप एक झालं. वहिनींनी सगळं ऐकलं.

"आणि तो उचलतात कधी?" त्यांनी विचारलं.



दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "भावोजी, तुमच्याच फोनवर त्याचा निरोप येणार. तो बोटीवरून उतरला की लगेच सांगा. मी कुठेही असले तरी हाक मारा. एकदा उतरला म्हणजे मग माझी काळजी नाही. विमानं काय, रोजची आहेत."

"मारीन हाक," मी म्हणालो.

भेटायला येणारी माणसं विचारायची, मुलगा कधी येतोय? आत्या सांगायची, "अवकाश आहे अजून." हा शब्द ऐकला की माझं मन निघून जायचं. अवकाश म्हणजे मोकळी जागा. अवकाश म्हणजे उरलेला वेळ. चंद्रापलीकडची पोकळी आणि मुलाला यायला लागणारा उशीर यांना आपण एकच शब्द ठेवला आहे. समोर दादाचा शाळेपासूनचा मित्र डोळे पुसत बसलेला असायचा आणि मी मनात हे जुळवत असायचो. एकदा मी सुतकाचाच विचार करत होतो. सूतक हा मुळात जन्माशी जोडलेला शब्द, ‘सू’ म्हणजे प्रसवणे, त्यातून आलेला. मराठीत जन्माच्या वाट्याला सोयर आलं आणि सुतक मरणाकडे गेलं. मला हे इतकं विलक्षण वाटलं की मी हसलो असणार, कारण तो मित्र बोलायचा थांबला. जाताना तो नेहमीच्या सवयीने "येतो" म्हणायला गेला. सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत, हे आठवून त्याने तोंडावर हात धरला आणि तो ओशाळला. खरं तर ओशाळायला मी हवा होतो.

त्याच आठवड्यात आपलं यान चंद्रावर उतरायचं होतं.

मागच्या खेपेला ते शेवटच्या टप्प्यात हरवलं होतं. तेव्हा दादाचा फोन आला होता, "पडलं वाटतं तुझं?" जणू ते मीच सोडलं होतं. या वेळी उतरणार त्या संध्याकाळी मी घरात बसू शकेना. टीव्ही बंद होता आणि तो लावा असं म्हणणं शक्यच नव्हतं. मी मनाशी ठरवलं, की आपण रेंज बघायला बाहेर चाललो आहोत, पुतण्याचा निरोप आला असेल. वहिनींनाही तेच सांगितलं. ते अगदी खोटं नव्हतं. घरात रेंज धड टिकत नाही; आंब्याच्या पेट्या ठेवायच्या शेडमध्ये, सड्याच्या म्हणजे उघड्या कातळाच्या बाजूला, ती नीट येते. मी पेट्यांच्या थप्पीवर बसलो आणि निरोप आला आहे का ते पाहिलं. आला नव्हता. मग एका कानात तार घातली आणि चंद्र लावला.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. फोनवर एक रेघ होती आणि एक ठिपका तिच्यावरून खाली सरकत होता. वेग कमी होत होता, उंची कमी होत होती. चित्र मधेच अडकायचं, मग मीही श्वास धरून बसायचो. तिथे हवा नाही, म्हणून छत्री उघडून उतरता येत नाही; उतरणाऱ्याने स्वतःचं वजन स्वतःच्याच आगीवर तोलत खाली यायचं. मला फक्त तो ठिपका दिसत होता. दादा गेला आहे हे मी त्या काही मिनिटांत विसरलो होतो. सकाळी जाग आल्यावर क्षणभर विसर पडतो तसं ते नव्हतं. मी पुरता विसरलो होतो. मी सुखात होतो.

ठिपका रेघेच्या टोकाला टेकला, तिकडे माणसं उठून टाळ्या वाजवू लागली, आणि मी ओरडलो, "उतरला! उतरला!"

टाळीही वाजवली असावी. पाऊस वाजत होता तरी हाक घरात पोचली. तशी पोचावी म्हणूनच तर मला नेमलं होतं.

मागच्या दारातून वहिनी धावत आल्या. डोक्यावर काही नाही, पायात काही नाही, हाताला तांदळाचं पीठ. अंगणातल्या शेवाळावर त्यांचा पाय घसरला. त्यांनी खांब धरला आणि पुन्हा पळाल्या. मागून आत्या, "अगो, सांभाळ, पडशील," असं म्हणत, रडत आणि देवाला हात जोडत. सुतकात देवाला हात जोडू नयेत हेही ती विसरली होती.

"उतरला?" वहिनी म्हणाल्या. "फोन आलाय? द्या माझ्याकडे. बोलते मी."

त्यांनी हात पुढे केला. फोन माझ्या हातात होता आणि त्यात अजून टाळ्या चालू होत्या. कानातली तार मी ओढली ती फोनमधूनही निघाली, तेव्हा त्या टाळ्या बाहेर ऐकू आल्या.

मला वाटलं, हो म्हणावं. सांगावं की निरोप होता, आता रेंज गेली. उद्यापर्यंत कदाचित ते खरंही होईल. एवढा विचार त्या वेळात माझ्या मनात पुरा झाला, हे मला लपवता येत नाही.

"वहिनी, तो नाही," मी म्हणालो.

"मग कोण उतरला?"

"यान. चंद्रावर. आपलं."

आत्याला ते आधी कळलंच नाही. "कुठे उतरलाय म्हणतो?" तिने वहिनींना विचारलं. मग आत्याला कळलं आणि ती मला म्हणाली, "मेल्या, भाऊ गेलाय ना रे तुझा?"

वहिनींनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि बोटांवरचं पीठ दुसऱ्या हाताने काढत राहिल्या. पावसाने ते चिकट झालं होतं, निघत नव्हतं.

"असू दे हो आत्या," त्या म्हणाल्या. "बरं झालं. कुणीतरी पोचला."

आणि त्या आत गेल्या. या वेळी जपून, एकेक पाऊल टाकत.

रात्रभर मी व्याकरण करत बसलो. ‘यान उतरलं’ असं ओरडलो असतो तर त्या धावल्या नसत्या. मुलगा काही ‘उतरलं’ होत नाही. पण माझ्या मनात यान नव्हतं, लँडर होता, आणि लँडर कानाला पुल्लिंगी वाटतो. कर्ता न सांगता मी नुसतं क्रियापद ओरडलो. ज्या घरात त्या क्रियापदाला एकच कर्ता होता, तिथे ओरडलो. हे सगळं बरोबर आहे, वर्गात सांगण्यासारखं आहे. आणि अंथरुणावर पडून माझ्या लक्षात आलं, की मी हे उदाहरण म्हणून नीट लावून ठेवतो आहे. नवऱ्याच्या दुःखात बसलेल्या बाईला पावसात पळवलं, आणि त्यातही मला लँडरचं लिंग सापडलं.

सकाळी त्यांची माफी मागायला गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. "चहा ठेवलाय, घ्या," म्हणाल्या. मी उभा राहिलो. "घ्या ना, गार होईल." मला बोलू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, की बोलण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, हे मला कळलं नाही. मी चहा प्यालो.

त्यानंतर बाण बघायला त्या आल्या नाहीत. मीच एकदा फोन पुढे केला, तर म्हणाल्या, "तुम्ही बघताय ना? झालं तर."

पुतण्याचा निरोप आला तेव्हा मी त्याच शेडमध्ये होतो. एकच शब्द होता, ‘उतरलो’. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं, वेळ पाहिली, आणि खात्रीसाठी त्याला उलट विचारलं, होडीतून बंदरावर आलास ना? ‘हो काका, एअरपोर्टला चाललोय,’ त्याने लिहिलं. हाक मारायची होती. कबूल केलं होतं. पण मी चालत स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "वहिनी, त्याने बोट सोडली."

दुसरं क्रियापद शोधून मी ते सांगितलं. त्यांनी वर पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि पुन्हा खाली मान घालून विळीवर भाजी चिरू लागल्या. ज्या बातमीसाठी त्या अनवाणी पळाल्या होत्या ती बातमी आली तेव्हा त्या उठल्यासुद्धा नाहीत. तेवढं धावणं त्यांच्याकडे एकदाचंच होतं आणि ते मी चंद्रासाठी खर्चून टाकलं होतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी बेड्यापाशी, कुंपणाच्या दारात, रिक्षा थांबली. मी पडवीत होतो. पुतण्या खाली उतरला, बॅग काढायला वळला. पाठीमागून तो थेट दादासारखा दिसला. आत्या माझ्या आधी ओरडली, "आला गो! आला तुझा!"

आत भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला. पण बाहेर कुणी आलं नाही. पुतण्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून येत होता, आत्या त्याच्याकडे निघाली होती, आणि मग आतून वहिनींचा आवाज आला.

"खरंच का हो, भावोजी?"

मी तिथूनच हो म्हणायला गेलो. पण नुसती हाक आता पुरणार नव्हती. तेव्हा मी आत गेलो, त्यांना दिसेन असा समोर उभा राहिलो आणि मान हलवली. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हात पुसले आणि उठल्या.