कडबाकुट्टीच्या प्लगवर माझी गाडी

मंडळी, आज दोन तासांसाठी गावी गेले आणि अख्खा दिवस राहून आले.

पुण्याहून इलेक्ट्रिक गाडी घेऊन निरगुडसरला आईकडे निघाले होते. मंचरला हायवेवरच्या हॉटेलात चार्जिंग करू म्हटलं, तर चार्जरसमोर कांद्याचा पिकअप उभा. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, चार्जर बंदच हाय, म्हणून तर लावलाय."

लई चिडले राव! उरलेल्या चार्जिंगवर कशीबशी घरी पोचले.

गाडीला चालेल असा मोठा प्लग घरात एकच, गोठ्यातल्या कडबाकुट्टीचा. आई म्हणाली, "थांब, आधी गुरांची वैरण कापून घेते, मग लाव तुझी गाडी."

लावली. स्क्रीन सांगत होती, संध्याकाळ होणार. मी कपाळाला हात लावून बसले आणि आईनं हुलग्याचं पीठ मळायला घेतलं. किती दिवसांनी शेंगोळी! एरवी मी येते ती चहापुरती, त्यात शेंगोळी कुठली होणार? दोघी वळत बसलो, ती बोलत राहिली.

निघताना तिनं विचारलं, "ते मंचरचं कधी चालू व्हणार गं?"

"आज तक्रारच करते बघ."

वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "कर सावकाश. काय घाई न्हाई."

आल्यापासून फोन हातात आहे, तक्रार काही लिहवत नाही. चार्जर हवाच, गावोगावी हवा. पण खरं सांगा, आईजवळ बसायला आपली गाडीच अडावी लागते का हो?